विश्लेषण : स्मरणशक्ती वाढवणाऱ्या गोळ्या खरेच उपयोगी पडतात का?

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की औषध दुकानांच्या काउंटरवर ब्राह्मी आणि शंखपुष्पीच्या बाटल्या पुढे येतात. शेजारी ज्येष्ठांसाठीच्या मल्टिव्हिटॅमिनचे डबे, माशांच्या तेलाच्या कॅप्सुल असतात. ऑनलाइन बाजारात तर ‘फोकस’, ‘मेमरी’, ‘ब्रेन बूस्टर’ अशा नावांची शेकडो उत्पादने आहेत आणि त्यांचा महिन्याचा खर्च काहीशेपासून काही हजार रुपयांपर्यंत जातो. पाठांतर न होणाऱ्या मुलासाठी किंवा नावे विसरू लागलेल्या आजीसाठी घरातले कुणीतरी ती विकत आणते. यातले काय उपयोगाचे, काय निरुपयोगी आणि काय धोक्याचे, याविषयी आजवरचे संशोधन काय सांगते?

‘ब्रेन सप्लिमेंट’ म्हणजे नेमके काय?

हा शब्द कायद्यातला नाही, बाजारातला आहे. त्यात चार वेगवेगळ्या गोष्टी एकत्र कोंबल्या जातात. पहिला गट शरीराला लागणाऱ्या पोषकद्रव्यांचा : बी-१२, फॉलिक अ‍ॅसिड, ओमेगा-३, लोह वगैरे. दुसरा वनस्पतींचा : ब्राह्मी, शंखपुष्पी, अश्वगंधा, गिंको. तिसरा तात्पुरती तरतरी देणाऱ्या पदार्थांचा, ज्यात कॅफीन सर्वात ओळखीचे. चौथ्या गटात खरे तर औषधेच असतात, पण ती सप्लिमेंटच्या वेष्टनात विकली जातात.

‘नूट्रॉपिक’ हा भारदस्त शब्दही अलीकडचाच. रुमेनियात जन्मलेले संशोधक कॉर्नेलियू जुर्जिया यांनी बेल्जियमच्या यूसीबी कंपनीत काम करताना १९६४ मध्ये पिरासिटाम हे रसायन तयार केले आणि १९७२ मध्ये अशा पदार्थांसाठी हा शब्द घडवला. शिकण्याची क्षमता वाढवणारा, मेंदूचे रक्षण करणारा आणि जवळपास कोणतेही दुष्परिणाम नसणारा पदार्थ, अशी त्यांची व्याख्या होती. ही कसोटी इतकी कडक आहे की आज या नावाने विकले जाणारे बहुतेक पदार्थ तिच्यावर उतरत नाहीत. शब्द मात्र डब्यांवर टिकून राहिला.

‘क्लिनिकली प्रूव्हन’ लिहिले म्हणजे सिद्ध झाले का?

अमेरिकेतील ‘प्रेव्हाजेन’चे उदाहरण यासाठी पाहण्यासारखे आहे. जेलिफिशमध्ये सापडणाऱ्या अ‍ॅपोइक्वोरिन या प्रथिनाची ही गोळी. स्मरणशक्ती सुधारत असल्याचे वैद्यकीय चाचणीत सिद्ध झाल्याच्या जाहिरातींवर तिची प्रचंड विक्री झाली. जानेवारी २०१७ मध्ये तेथील फेडरल ट्रेड कमिशन आणि न्यू यॉर्कच्या अ‍ॅटर्नी जनरलनी उत्पादक कंपनीला न्यायालयात खेचले. कंपनीचा सारा भर २१८ जणांवर ९० दिवस केलेल्या एका चाचणीवर होता. या चाचणीत सर्व सहभागींचा एकत्रित विचार केला तर खरी गोळी आणि पोकळ गोळी घेणाऱ्यांत लक्षणीय फरक दिसला नव्हता. मग त्याच आकडेवारीचे लहान लहान गट पाडून तिशीहून अधिक वेळा विश्लेषण करण्यात आले आणि त्यांतले अनुकूल निष्कर्ष जाहिरातीत आले, असा तक्रारदारांचा आक्षेप होता. नाणे पुरेशा वेळा उडवले तर कधी तरी सलग पाच छापे पडतातच. तशातला हा प्रकार. अखेर २०२४ च्या डिसेंबरमध्ये न्यायालयाने स्मरणशक्ती सुधारत असल्याचे दावे करण्यास कंपनीला मनाई केली. तोपर्यंत जवळपास आठ वर्षे गेली होती आणि गोळ्या विकल्या जात होत्या.

याच्या अगदी उलट उदाहरण गिंको बिलोबाचे. या झाडाच्या पानांच्या अर्काने स्मृतिभ्रंश टळतो, असे वर्षानुवर्षे मानले जात होते. त्याची तपासणी मात्र नीट झाली. अमेरिकेत ७५ वर्षांवरील ३,०६९ जणांना दिवसातून दोनदा १२० मिलिग्रॅम गिंको किंवा तशीच दिसणारी पोकळ गोळी देऊन सुमारे सहा वर्षे पाहण्यात आले. कोण काय घेत आहे हे ना त्यांना ठाऊक होते, ना तपासणाऱ्या डॉक्टरांना. २००८ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा गिंको घेणाऱ्यांपैकी २७७ जणांना आणि पोकळ गोळी घेणाऱ्यांपैकी २४६ जणांना स्मृतिभ्रंश झालेला होता. म्हणजे फायदा शून्य. डब्यावरचा दावा वाचताना म्हणूनच तीन प्रश्न विचारावेत. चाचणी किती जणांवर झाली? किती काळ चालली? तुलनेसाठी पोकळ गोळीचा गट होता का?

मग ब्राह्मी आणि शंखपुष्पीचे काय?

चरकसंहितेत मेध्य रसायने म्हणून चार द्रव्यांचा उल्लेख येतो : मंडूकपर्णी, यष्टीमधू, गुडूची आणि शंखपुष्पी. आज सर्वाधिक खपणारी ब्राह्मी या चौघांत नाही. ग्रंथांत तिचा उल्लेख इतरत्र आहे. आधुनिक संशोधनात मात्र तिचीच तपासणी सर्वाधिक झाली. लखनऊच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने (सीडीआरआय) ब्राह्मीतील बॅकोसाइड या घटकांवर दीर्घकाळ काम केले. त्यातूनच नव्वदच्या दशकात ‘मेमरी प्लस’ ही कॅप्सुल बाजारात आली. बुद्धिबळपटू विश्वनाथन आनंद तिच्या जाहिरातीत होता, हे त्या पिढीतील अनेकांना आठवत असेल.

पुढे ऑस्ट्रेलियात निरोगी प्रौढांवर चाचण्या झाल्या. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज ३०० मिलिग्रॅम अर्क घेणाऱ्यांत पाच आठवड्यांनी फरक दिसला नाही, बारा आठवड्यांनी मात्र माहिती ग्रहण करण्याचा वेग आणि शिकण्याची गती काही प्रमाणात सुधारलेली आढळली. २००२ मध्ये ७६ जणांवरील दुसऱ्या अभ्यासात नव्याने शिकलेले विसरण्याचे प्रमाण कमी झालेले दिसले. २०१४ मध्ये अशा नऊ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, पण सगळ्यांचे मिळून सहभागी होते जेमतेम ५१८. थोडक्यात, ब्राह्मीत काहीतरी असण्याची शक्यता आहे. परंतु परिणाम लहान आहे, तो दिसायला तीन महिने लागतात आणि गिंकोसारखी मोठी, दीर्घ चाचणी तिच्या वाट्याला अद्याप आलेली नाही. परीक्षेच्या पंधरा दिवस आधी आणलेल्या बाटलीकडून काही होईल, याला या संशोधनात कोणताही आधार नाही. मळमळ, पोटात कळ, जुलाब हे तिचे ठरलेले त्रास आहेत, आणि ते पेपरच्या दिवशी नकोच असतात.

त्यात नावाचा घोळ आहे. या चाचण्या ज्या वनस्पतीवर झाल्या ती पाणथळ जागी वाढणारी, जाडसर लहान पानांची नीरब्राह्मी. महाराष्ट्रात मात्र ब्राह्मी म्हणून अनेकदा मंडूकपर्णी, म्हणजे गोलसर पानांचा वेल दिला जातो. ब्राह्मी तेलापासून चूर्णापर्यंत हा गोंधळ चालत आला आहे. शंखपुष्पीचेही तसेच : काही भागांत त्या नावाने गोकर्ण वापरतात. त्यामुळे बाटलीवर ‘बॅकोपा’ हे शास्त्रीय नाव आणि अर्कातील बॅकोसाइडचे प्रमाण छापलेले नसेल, तर चाचण्यांचे निष्कर्ष त्या बाटलीला लागू करता येत नाहीत.

बी-१२ ची गोष्ट वेगळी का आहे?

कारण येथे प्रश्न बुद्धी वाढवण्याचा नसून कमतरता भरून काढण्याचा आहे, आणि ती कमतरता महाराष्ट्रात घरोघरी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने ग्रामीण भाग, शहरी वस्ती आणि शहरी मध्यमवर्ग अशा तिन्ही स्तरांतील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६७ टक्के जणांच्या रक्तात बी-१२ कमी आढळले. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण तब्बल ८१ टक्के होते. खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरांतच कमतरता सर्वाधिक, हे पाहून तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटले. शाकाहार हे त्यामागचे ठळक कारण.

हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात आणि ते आपल्यापर्यंत प्राणिज अन्नातून पोहोचते. मांस, मासे, अंडी आणि काही प्रमाणात दूध-दही हेच त्याचे भरवशाचे स्रोत. पालेभाजी, डाळ, सुकामेवा यांतून ते मिळत नाही. बदाम कितीही भिजवून खाल्ले तरी नाही. वय वाढते तसे जठरातील आम्ल कमी होते आणि अन्नातील बी-१२ सुटे होऊन शोषले जाणे अवघड होते. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांतही ते घटते. शाकाहारी, सत्तरीचा, मधुमेहाची आणि ‘गॅसची’ गोळी रोज घेणारा माणूस महाराष्ट्रात शोधावा लागत नाही. त्याच्यात ही चारही कारणे एकवटलेली असतात.

मज्जातंतूंवरील आवरण टिकवण्यासाठी बी-१२ लागते. ते कमी पडले की तळपायांना मुंग्या येतात, तोल जातो, थकवा राहतो, चिडचिड वाढते आणि विसरायला होते. ‘आता वय झाले’ म्हणून घरचे सोडून देतात किंवा स्मृतिभ्रंशाची सुरुवात समजून हवालदिल होतात. वेळीच ओळखले तर स्वस्त गोळ्यांनी किंवा इंजेक्शनने हे बरेचसे सुधारते. उशीर झाला, तर मज्जातंतूंची हानी कायमची राहू शकते. विसरणाऱ्या आजोबांना सहा महिने नुसते ब्राह्मीचे चूर्ण देत राहण्यातला खरा तोटा हा आहे. चूर्णाने त्यांचे काही बिघडत नाही, पण ते सहा महिने परत मिळत नाहीत.

तपासणीबाबत दोन खाचाखोचा लक्षात ठेवाव्यात. गोळ्या सुरू केल्यानंतर रक्त दिले तर आकडा चांगला येतो आणि मूळ कमतरता झाकली जाते. म्हणून आधी रक्त, मग गोळी. दुसरे, केवळ फॉलिक अ‍ॅसिड घेत राहिल्यास रक्तक्षय सुधारलेला दिसतो, मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहू शकते. आकडा सीमारेषेवर असेल तर डॉक्टर होमोसिस्टीनची तपासणीही सांगतात. हे द्रव्य बी-१२ कमी पडले की रक्तात साचते. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी सौम्य विस्मरण असलेल्या ज्येष्ठांना दोन वर्षे फॉलिक अ‍ॅसिड, बी-१२ आणि बी-६ दिले, तेव्हा त्यांचा मेंदू वर्षाला सरासरी ०.७६ टक्के आकसला. पोकळ गोळीच्या गटात हे प्रमाण १.०८ टक्के होते. सर्वाधिक फायदा झाला तो ज्यांचे होमोसिस्टीन आधीच वाढलेले होते त्यांना. ज्यांच्या शरीरात बी-१२ पुरेसे आहे, त्यांची स्मरणशक्ती जादा गोळ्यांनी वाढत असल्याचे मात्र दिसलेले नाही.

माशांचे तेल, मल्टिव्हिटॅमिन, क्रिएटिन यांचा उपयोग?

मेंदूच्या पेशींच्या आवरणात डीएचए हे ओमेगा-३ आम्ल मुबलक असते, त्यामुळे माशांच्या तेलाकडून मोठ्या अपेक्षा होत्या. प्रत्यक्षात अमेरिकेतील हजारो ज्येष्ठांवरील दीर्घ चाचण्यांत कॅप्सुल घेणाऱ्यांची आकलनक्षमता इतरांपेक्षा चांगली राहिली नाही. मासे खाणाऱ्यांत आढळणारा फायदा कॅप्सुलमध्ये उतरला नाही, असे म्हणता येईल. बांगडा आणि तारली हे कोकण किनारपट्टीवरचे त्या मानाने स्वस्त मासे ओमेगा-३ने समृद्ध आहेत. जवसाच्या चटणीतही ओमेगा-३ असते, पण ते वेगळ्या प्रकारचे. शरीर त्यातील अगदी थोड्या भागाचे डीएचएमध्ये रूपांतर करते.

मल्टिव्हिटॅमिनचे निष्कर्ष तुलनेने आशादायक आहेत. ‘कॉसमॉस’ या अमेरिकी प्रकल्पातील २०२३ च्या अहवालात साडेतीन हजारांवर ज्येष्ठांपैकी रोज एक साधी गोळी घेणाऱ्यांची शब्द आठवण्याची क्षमता वर्षभरात थोडी अधिक सुधारलेली दिसली. वयानुसार होणाऱ्या घसरणीच्या हिशेबात हा फरक सुमारे तीन वर्षांचा असल्याचे संशोधकांनी सांगितले आणि तोच आकडा मथळ्यांत गेला. प्रत्यक्ष चाचणीत हा फरक एका पूर्ण शब्दाइतकाही नव्हता. गोळी निरुपद्रवी आणि स्वस्त आहे हे खरे. पण दैनंदिन जीवनात अर्ध्या शब्दाहून कमी फरकाचा अर्थ काय, हे ज्याने त्याने ठरवावे. याच प्रकल्पात तपासलेल्या कोको अर्काने मात्र काहीच साधले नाही.

व्यायामशाळेतून घराघरांत पोहोचलेले क्रिएटिन आता मेंदूसाठीही विकले जाते. २००३ मध्ये ४५ शाकाहारी तरुणांना सहा आठवडे रोज पाच ग्रॅम दिल्यावर त्यांच्या स्मरणाच्या चाचण्यांत ठळक सुधारणा दिसली होती. २०२३ मध्ये १२३ जणांवर तोच प्रयोग अधिक काटेकोरपणे झाला, तेव्हा परिणाम अगदी किरकोळ निघाला आणि शाकाहारी-मांसाहारी असा फरकही दिसला नाही. या क्षेत्रात पहिल्या अभ्यासाचा चमत्कार दुसऱ्या अभ्यासात विरतो, हे वारंवार घडते.

स्पर्धा परीक्षांच्या वर्तुळातील ‘स्मार्ट ड्रग’चे काय?

मोडाफिनिल हे अनावर झोपेच्या विकारावरचे आणि मिथाइलफेनिडेट हे एकाग्रतेच्या विकारावरचे, डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच मिळायला हवे असे औषध. रात्र जागून अभ्यास करण्यासाठी निरोगी तरुण ती घेतात, हा जगभरचा अनुभव आहे. मेलबर्नच्या संशोधकांनी ४० निरोगी जणांवर केलेला आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग अशांनी जरूर पाहावा. मर्यादित वजनाच्या पिशवीत जास्तीत जास्त किमतीच्या वस्तू कशा भराव्यात, असे कोडे त्यांना देण्यात आले. औषध घेतल्यावर त्यांनी अधिक वेळ दिला, अधिक खटाटोप केला, पण उत्तरांचा दर्जा घसरला. ज्यांची कामगिरी एरवी चांगली होती, त्यांची तर अधिकच. मेहनत केल्याचे समाधान वाढले आणि गुण कमी झाले, असा हा व्यवहार.

चहा-कॉफीतले कॅफीन सावधपणा वाढवते यात वाद नाही. निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंतचे प्रमाण सुरक्षित मानले जाते. मात्र दिवसभराचे वाचन पक्के करण्याचे काम मेंदू झोपेत करतो, आणि रात्री अकराच्या कपाने नेमके तेच बिघडते.

भारतातील कायदा काय सांगतो?

औषधविषयक नियमांच्या अनुसूची ‘जे’मध्ये जे आजार किंवा दोष बरे करण्याचा दावा औषधाला करता येत नाही, त्यांची यादी आहे. उंची वाढवणे, त्वचा गोरी करणे यांच्या पंगतीत ‘मेंदूची क्षमता वाढवणे व स्मरणशक्ती सुधारणे’ हेही आहे. जाहिराती पाहता यावर विश्वास बसणे कठीण. पण यातील बरीच उत्पादने औषध म्हणून विकलीच जात नाहीत. ती अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) सप्लिमेंटविषयक नियमांखाली, म्हणजे अन्न म्हणून येतात. अशा डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची सूचना छापणे बंधनकारक असते; ती मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत सापडते. एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक म्हणजे उत्पादकाकडे परवाना आहे एवढेच. गोळीने स्मरणशक्ती वाढते, याची ती पावती नव्हे. आयुर्वेदिक उत्पादनांचे परवाने आणखी वेगळ्या व्यवस्थेखाली राज्ये देतात. अमेरिकेतही १९९४ च्या कायद्यानुसार सप्लिमेंट विकण्यापूर्वी ते गुणकारी असल्याचे सरकारला पटवून द्यावे लागत नाही. त्यामुळे ‘इम्पोर्टेड’ शब्दाला भुलण्याचे कारण नाही.

धोके कोणते?

‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार’ हा समज सर्वात महाग पडतो. फिट्सवरील फेनिटॉइन घेणाऱ्या दोन रुग्णांना अचानक पुन्हा झटके येऊ लागल्याचे मुंबईच्या केईएम रुग्णालयात लक्षात आले होते. दोघेही शंखपुष्पीचे औषध घेत होते. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, शंखपुष्पीमुळे रक्तातील फेनिटॉइनचे प्रमाण घटत असल्याचे उंदरांवरील प्रयोगांतून दिसून आले. गिंको आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या एकत्र घेतल्यास रक्तस्रावाची भीती असते. अश्वगंधेमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, थायरॉइडच्या औषधाशीही तिचा संबंध येतो. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली. बी-६ अति झाल्यास हातापायांना मुंग्या येतात आणि संवेदना कमी होते. ज्या तक्रारीसाठी गोळी सुरू केली, तीच गोळीने वाढते. २०२० मध्ये अमेरिकेत तपासलेल्या मेंदूविषयक दहा सप्लिमेंटमध्ये तेथे मान्यता नसलेली पाच औषधे आढळली होती, तीही काही वेळा नेहमीच्या औषधी मात्रेपेक्षा कितीतरी जास्त.

विसरणे वाढले तर आधी काय तपासावे?

भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये एका देशव्यापी पाहणीतून मांडण्यात आला. तो टाळण्यासाठी बी जीवनसत्त्वे, ई जीवनसत्त्व, ओमेगा-३ किंवा मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या घेण्याची शिफारस करू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाशी निगडित, बदलता येण्याजोगी १४ कारणे दिली. त्यांत रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, एकटेपणा यांच्यासोबत ऐकू कमी येणे आणि दिसू कमी लागणे यांचाही समावेश आहे. श्रवणयंत्र लावायला कां-कूं करणारे ज्येष्ठ आणि मोतीबिंदूचे ऑपरेशन पुढे ढकलणारी कुटुंबे यांनी ही यादी पाहावी.

हे विसरणे कधीमधी चष्मा न सापडण्याइतके असेल, तर काळजीचे फारसे कारण नसते. ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणे, तोच प्रश्न तासाभरात तीनदा विचारणे, नेहमीच्या भाजीची कृती किंवा पैशांचा हिशेब न जमणे यांपैकी काही दिसू लागले, तर डॉक्टरांकडे जावे. सुरुवातीला बी-१२, थायरॉइड, साखर आणि हिमोग्लोबिन या साध्या तपासण्या पुरतात. झोप आणि मनःस्थितीविषयीही विचारणा होते, कारण ज्येष्ठांमधील नैराश्य अनेकदा विसरभोळेपणाच्या रूपानेच समोर येते. जाताना घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, चूर्णे, काढे आणि कॅप्सुलचे डबे पिशवीत घालून न्यावेत. झोपेच्या, अ‍ॅलर्जीच्या आणि वारंवार लघवी होण्यावरच्या काही गोळ्यांनीही विसरायला होते आणि त्या बदलून घेता येतात.